मशीन बिघडत न्हाई

जिंतूरच्या त्या टेप दुरुस्तीवाल्याचा स्वतःचा रेडिओ दिवसभर चालू असे, आणि त्याच्या वर आवाज चढवून तो गिऱ्हाइकांना झापत असे. "मशीन बिघडत न्हाई, मालक बिघडवतो!"

टेपरेकॉर्डरमध्ये अडकलेली फीत मी बायकोच्या केसांच्या आकड्यानं ओढून तोडली होती. वडील गेल्यावर त्यांचा आवाज तेवढ्या एका कॅसेटमध्येच उरला होता.

"काय घातलं व्हतं आत, गुरुजी? आकडा?" त्यानं मान वर न करता विचारलं.

त्यानं फीत जोडली आणि पहिल्यांदाच आपला रेडिओ बंद केला. मी बटन दाबलं. आतून वडील कडाडले, "आरं, हात काढ! बिघडवशील!"

"म्हातारबा लय वळखून व्हते तुमाला," तो हळूच म्हणाला.

पन्नाशीला आलो होतो, तरी मी मुकाट्यानं बटनावरचा हात काढला होता.