पुठ्ठ्यातलं चुकलेलं भोक

"आक्का, जठराचा कॅन्सर आहे." बायॉप्सीचा कागद पुढ्यात ठेवून डॉक्टर म्हणाले. बायॉप्सी म्हणजे दुर्बीण घालून जठराचा बारीक तुकडा काढतात आणि तपासतात, ती.

"मग आता चहा पिऊ का नको?" मी विचारलं. डॉक्टर हसले. माझी लेक शोभा मात्र रडायला लागली.

"घरात आधी कुणाला होता?"

"कुणाला न्हाय."

धडधडीत खोटं. माझी आई पोटानंच गेली, थोरली बहीणपण. पण शोभाच्या लेकीची, पूजाची सोयरीक निपाणीत ठरत आलेली, आणि आमच्या वडगावात अशा वेळी असल्या आजाराचं नाव कुणी तोंडातून काढत नाही. आईला 'पित्त' होतं, असंच आम्ही सांगत आलो.

केमो सुरू झाली, म्हणजे सलाइनमधून कॅन्सरचं औषध. तिसऱ्या खेपेला डॉक्टर म्हणाले, "तुमचा कॅन्सर गाठ न करता पसरणारा आहे. काही घराण्यांत सीडीएच-वन नावाच्या जीनमध्ये बदल असतो, त्यानं हा होतो. जीन म्हणजे शरीर कसं घडवायचं, ती आईबापाकडून आलेली सूचना. आधी कळलं तर माणूस वाचवता येतो."

चाळीस वर्षं मागावर साड्या विणल्यात मी. नक्षीसाठी भोकं पाडलेले पुठ्ठे असतात. एक भोक चुकलं की प्रत्येक बुट्टीत त्याच जागी चूक. साडीवरनं नुसता हात फिरवून मी ती सांगायची. आणि घरातली चूक पदराखाली झाकून बसले होते!

"डॉक्टर, मी लबाड बोलले," म्हटलं, आणि सगळं सांगितलं.

"आई, अगं पूजाची सोयरीक!" शोभा कुजबुजली.

"आधी पोरगी, मग सोयरीक."

माझ्या रक्तात तो बदल सापडला. माझं सगळं जठर काढलं. धाकटा भाऊ बाळू तपासणीला तयार होईना. "मला काय धाड भरलीया? दोन भाकरी हाणतोय."

"आई बी हाणत होती रं."

मग गेला मुकाट. त्याच्यातही निघालं. डॉक्टरांच्या सल्ल्यानं त्याचंही जठर काढलं, तर आत कॅन्सरच्या बारीक पेशी होत्या. एक दिवस पोट दुखलं नव्हतं त्याचं!

शोभानंही रक्त तपासायला दिलं होतं. तिचा रिपोर्ट यायच्या आधीच पूजानं निपाणीला सगळं सांगून टाकलं. आठ दिवस तिकडून फोन नाही. मग मुलाची आई स्वतः आली. "लपवलं असतं तर राग आला असता," म्हणाली. पुढच्या आठवड्यात रिपोर्ट आला. शोभात बदल नाही, म्हणजे माझ्याकडचा तो पूजातही उतरलेला नाही.

लग्नात आम्ही दोघं भावंडं अर्धा-अर्धा लाडू घेऊन बसलो होतो. बाळू म्हणाला, "आक्का, दोघांत मिळून एकबी जठर न्हाय, आणि वाढपी काय पाठ सोडंना!"

बायांनो, डॉक्टरांनी विचारलं तर गेलेल्या माणसांचं खरं सांगा. माझ्या आईला पित्त नव्हतं, कॅन्सर होता. हे मी त्या मांडवात निपाणीच्या पाहुण्यांना मान वर करून सांगितलं. बाळू शेजारीच होता, लाडू चघळत.