सगळ्यांना सारखा नियम

आमच्या खानदानाच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन मी. हे पद मला कोणी दिलेलं नाही. ग्रुप मी काढला म्हणून ते चिकटलं. पण पन्नाशीच्या माणसाच्या हाती एवढंसं पद आलं तरी तो घटना लिहायला बसतो. मीही बसलो. अमरावतीच्या घरी चष्मा लावून दोन रविवार खर्ची घातले. कोणी कोणाचा अपमान केला तर पहिल्यांदा समज, दुसऱ्यांदाही समज, तिसऱ्यांदा एक महिना ग्रुपबाहेर. खाली ठळक अक्षरांत, लहानथोर सगळ्यांना सारखं. अंगठ्यांची रांग लागली. ती मी बायकोला दाखवली. ती म्हणाली, पोळी गार होते.

अकोल्याला आमचे काका, वडिलांचे धाकटे भाऊ. काकू गेल्यापासून एकटेच. रोज सकाळी त्यांचं बोलणं रेकॉर्ड होऊन ग्रुपवर यायचं: नळ किती वेळ आला, तुरीला काय भाव, कोणाचे गुडघे कसे आहेत. पाच-पाच मिनिटं. आम्ही कोणी पूर्ण ऐकत नव्हतो. त्यांचं मात्र घरच्या माणसांशी दिवसभरात तेवढंच बोलणं.

एकदा आमच्या जावयाने, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याने, लिहिलं, काकाजी, रेडिओ बंद करा. काकांनी त्याच्या लग्नातला रुसवा काढला. आहेर मनासारखा नाही म्हणून नवरदेव पंगतीतून कसा उठला, ते तपशिलासह. मी दोघांनाही समज दिली. आठवड्याने पुन्हा जुंपली, पुन्हा दोघांना समज. तिसऱ्यांदा जावयाने लिहिलं, घरात बोलायला कोणी नाही म्हणून आम्हाले छळता. काकांनी शिवी घातली.

नियमाने दोघंही बाहेर. काकांना मी तत्काळ काढलं. जावयाचा नंबर लागणार तेवढ्यात बहिणीचा फोन. यांना काढलं तर दिवाळीला माहेरी पाय ठेवणार नाही म्हणाली. आमच्याकडे जावई कसाही वागो, त्याचा पाट आधी मांडतात. मी त्यांना फोन करून 'जवाईबापू, जवाईबापू' केलं आणि त्यांचं वाक्य थट्टेत जमा करून टाकलं.

महिना भरल्यावर काकांना परत घ्यायला मी स्वतः अकोल्याला गेलो. मूर्तिजापूर येईस्तोवर स्वतःच्या मोठ्या मनाने माझेच डोळे पाणावले होते. काकांनी चहा टाकला. मी मोबाइल काढला.

"त्याले काढलं होतं?" त्यांनी विचारलं.

"जवाई हाय ना काका तो."

"मंग नियमात तसं लिव्हाचं होतं. मी त्याच्या तोंडीच लागलो नसतो."

मी झालं गेलं विसरा वगैरे सुरू केलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"तो परका हाय, त्याचं सोड," ते म्हणाले. "तू काहून केलं?"

मी चष्मा पुसायला घेतला.

"पयले त्याले एक महिना काढ. मंग मी येतो."

बहिणीला विचारून पाहतो, असं मी म्हणालो.

"मंग चाय पी," ते म्हणाले, आणि आपला मोबाइल त्यांनी उशीखाली ठेवला.

बहिणीला मी विचारलं नाही. दिवाळीला बहीण-जावई दोघंही आले. जेवणं झाल्यावर जावई म्हणाले, भाऊ, एवढा ग्रुप तुम्ही एकटे सांभाळता, मलेही ॲडमिन करा. मी तिथल्या तिथे केलं.