राजेश्वरीच्या वाट्याच्या गोळ्या

राजेश्वरी आमची शेजारीण. वडगावात मागावर साड्या विणणाऱ्या साईनाथची बायको. लग्नाला नऊ वर्षं झाली, मूल नाही. दिवसभर मागासाठी सुताच्या कांड्या भरायची आणि कुणाच्या डोहाळजेवणाला ओटी भरायची वेळ आली की गुपचूप उठून जायची. सासू, बायाक्का, तिला तोंडावर वांझ म्हणायची. तपासायला कधी कुणी नेलं नाही, कारण दोष तिचाच हे आधीच ठरलेलं. मलाही तसंच वाटायचं, खोटं कशाला बोलू?

यंदा बायाक्कानं साईनाथच्या दुसऱ्या लग्नासाठी संकेश्वरची मुलगी बघितली. कायद्यात बसत नाही असं मी म्हटलं, तर म्हणाली, कायदा काय पाळणा हलवायला येतोय? मुलीकडच्यांची एकच अट होती. पहिलीनं स्वतः येऊन मुलीला कुंकू लावायचं, म्हणजे तिची संमती चार लोकांना दिसेल. राजेश्वरी कबूल झाली, पण त्याआधी एकदा डॉक्टरला दाखवायचंच म्हणून हट्टाला पेटली. मी सोबत गेले.

तपासण्या झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी साईनाथलाही बोलावून घेतलं. राजेश्वरी माझा हात सोडेना, म्हणून मीही आतच बसले. बाई म्हणाल्या, गर्भनलिका दोन्ही बाजूंनी बंद आहेत, बहुतेक जुन्या संसर्गानं, शरीरसंबंधातून होतो तसल्या. मी हबकलेच. या पोरीनं परक्या पुरुषाकडे कधी मान वर करून पाहिलं नव्हतं. मग बाईंनी साईनाथला विचारलं, लघवीला जळजळ, पू, असं काही कधी झालं होतं का? तो बराच वेळ अंगठ्यानं फरशी खरवडत राहिला आणि अखेर बोलला.

लग्नाच्या पहिल्याच वर्षी तो साड्यांचे गठ्ठे घेऊन हुबळीला गेला होता. सोबत्यांबरोबर लॉजवर दारू झाली, पैसे देऊन एक बाई झाली, निरोध वापरला नाही. आठवड्यात आग व्हायला लागली. परगावच्या डॉक्टरनं त्याला इंजेक्शन दिलं आणि बायकोसाठी गोळ्यांची वेगळी पुडी दिली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पुरुषाला बहुधा त्रास होतो म्हणून तो डॉक्टरकडे पळतो. बाईला पुष्कळदा काहीच कळत नाही, आणि रोग आतल्या आत पोखरत राहतो.

"गोळ्या दिलो की मी हिला," साईनाथ म्हणाला. "ताकदीच्या हाईत म्हणून सांगितलो."

राजेश्वरीनं माझा हात सोडला.

"त्या आत्तींनी खाल्ल्या," ती म्हणाली.

आमच्यात नवऱ्यानं आणलेलं काहीही नव्या सुनेनं आधी सासूच्या हातात ठेवायचं असतं. सासू देईल तेवढं आपलं. ताकदीच्या गोळ्या म्हटल्यावर बायाक्काला आपले दुखरे गुडघे आठवले, आणि पुडी तिनं संपवली. सुनेची कूस वाचली असती ते औषध सासूच्या पोटात गेलं, आणि वांझ म्हणून बोल लावला सुनेला! चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय? साईनाथच्या कानाखाली वाजवावी असं फार वाटलं. वाजवली नाही, याचा आजही राग येतो.

घरी येऊन राजेश्वरीनं सासूला सगळं सांगितलं. मला वाटलं, म्हातारी आता कोसळते. ती म्हणाली, "पोरगा बरा झालाय न्हवं? मग अडलंय कुठं? आयतवारी जाऊया."

रविवारी आम्ही संकेश्वरला गेलो. मुलगी जेमतेम वीस वर्षांची, पाटावर खाली मान घालून बसली होती. कुंकवाचा करंडा पुढे आला तेव्हा राजेश्वरीनं तो बाजूला सारला आणि लॉजपासून गोळ्यांपर्यंत सगळं चारचौघांत सांगितलं. मुलीच्या बापानं चहाचा ट्रे आत परत पाठवला. साईनाथ चपला शोधत बाहेर पडला.

अंगणात बायाक्कानं राजेश्वरीचा दंड धरला. "घराचं वाटोळं केलीस गं."

राजेश्वरीनं हात सोडवून घेतला. "आत्ती, माझं वाटोळं तुमी न कळता केलासा. ह्या पोरीचं मी कळून कसं करू?"