बिनकुलपाची सायकल

लेकीच्या गावात सरोवराच्या कडेकडेने सायकलींची वाट जाते. गाव परदेशातलं, पार उत्तरेकडचं, थंड, एवढंसं. परवा सकाळी त्या वाटेने फिरायला गेलो, तर बाकाला एक निळी सायकल टेकवलेली दिसली. कुलूप नाही, साखळी नाही, हँडलला हेल्मेट अडकवलेलं आणि आसपास चिटपाखरूही नाही.

मला शंकाच आली. मी पुण्याचा, सायकलला दोन कुलपं लावून, वर पुढच्या चाकाची हवा सोडून मंडईत शिरणारा माणूस. एवढा उघडावाघडा विश्वास दिसला की त्यामागे काहीतरी डाव असणार असंच वाटतं. झाडीत लपून कुणी बघत तर नसेल? लेक म्हणते, "बाबा, इथे कुणी काही नेत नाही." कुणीच नेत नाही म्हणजे काय? माणसंच ना ही? की संशय आपल्याकडच्या हवेतच असतो, आणि इथल्या कोरड्या थंडीत तो जगत नाही?

तरी पाय निघेना. कुणी नेली तर, म्हणून हँडलवर हात ठेवून मी राखण करत उभा राहिलो.

थोड्या वेळाने पाण्यातून एक म्हातारा निथळत वर आला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग हँडलवरच्या माझ्या हाताकडे. "गुड मॉर्निंग," म्हणाला, हसलाही, आणि सायकल घेऊन गेला.

आज तीच सायकल त्याच बाकापाशी होती. तिला नवंकोरं कुलूप होतं.