दुसरी गोळी

आज सकाळी आमच्या यांनी पुन्हा ओठ घट्ट मिटून घेतले. विसरण्याच्या आजारावरची गोळी मुकाट्याने घेतली होती. मग गुडघ्यांच्या सुजेवरची पुढे केली, तर म्हणाले, "आत्ताच घेतली की. मला काय वेडा समजतेस?"

आणि खरंच एक घेतली होती हो. माझं नाव त्यांना आठवत नाही, पण गोळी घेतल्याचं बरोबर आठवतं. दोन्ही एकदम द्याव्यात, तर ठसका लागतो.

दोन्हीची मिळून एकच गोळी नाही का, असं विचारलं, तर मेंदूचे डॉक्टर म्हणतात, सूज माझ्याकडे नाही. हाडांचे म्हणतात, डोक्याचं तिकडे विचारा. अहो, रिक्षातून मी एकच माणूस आणलाय ना? त्याचे तुकडे तुम्ही कोणाला विचारून वाटून घेतलेत?

माझी भाची प्रयोगशाळेत औषधं घडवते. ती म्हणाली, "मावशी, या विसरण्याच्या आजारात सूज मेंदूतही असते गं. दोन्हीवर चालेल असा औषधाचा एकच रेणू आम्ही जुळवतोय. पण एक बाजू जमली की दुसरी बिघडते. वेळ लागेल."

"आमच्याकडे कुठे आहे वेळ?" मी तिच्यावरच खेकसले. तिचा बिचारीचा काय दोष. पण शरीर एकच असतं, हे इतक्या शिकलेल्यांना इतक्या उशिरा सुचावं, याने माझं डोकं फिरतं.

तोवर मी हसून म्हणते, "नाही हो, अजून घ्यायचीय." ते माझ्याकडे बघत राहतात, चेहरा उतरतो, आणि तोंड उघडतात. अख्ख्या दिवसात त्यांना खरं आठवलेलं तेवढं एकच असतं, आणि तेच मी रोज खोटं पाडते.