साठ अँपियरचं घर

नव्या रायपुरात आमच्या घरापर्यंत विजेची तार आली नव्हती, म्हणून तिथं एकटे राहणाऱ्या बाबांनी छतावर सोलर बसवलं. पॅनलचा करंट बॅटरीत जपून सोडणारा कंट्रोलर चाळीस अँपियरचा पुरला असता. बाबा साठवर अडून बसले. मी भडकलो, "एकट्या माणसाले एवढा मोठा काहून?"

"तुमी सारे राहाले यान, तवा पॅनल वाढवा लागन."

पॅनल कधी वाढले नाहीत. गेल्या उन्हाळ्यात बाबा वारले. घराला कुलूप आहे, पण दिवेलागणीला तो कंट्रोलर ओसरीतला दिवा आपोआप लावतो. काल समोर नव्यानं राहायला आलेल्या बाईंचा, फाटकावरचा नंबर पाहून, फोन आला, "भैया, घर में कौन रहता है?"

मला 'कोणी नाही' म्हणवेना.