पारदर्शक पत्र्यांवरचे डांबर

सिन्नर तालुक्यातल्या एका खेड्यातली शाळा. लांबट खोली, एका बाजूला खिडकीच नाही, कारण पलीकडे गोठा. दिवसा वीज जाते म्हणून छपराच्या पत्र्यांत दोन पारदर्शक पत्रे बसवले, तेव्हा मी बातमीसाठी गेलो होतो. खर्च अकलेने झालेला होता. असे क्वचित लिहायला मिळते. पाचवीतली अधू नजरेची एक मुलगी त्या उजेडात, पहिल्या रांगेतून, फळ्यावरचे स्वतः उतरवून घेऊ लागली. तोवर ती शेजारणीच्या वहीतून उतरवी, शेजारणीच्या चुकांसह.

वर्षभरात शाळेला प्रोजेक्टर मिळाला. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी लक्षात आले की एवढ्या उजेडात पडद्यावर काहीच दिसत नाही, पाहुण्यांचा फोटोसुद्धा. शाळा समितीच्या अध्यक्षांनी उपाय काढला: पत्र्यांना डांबर. खालून जाड कापड बांधता आले असते. ते कोणाला सुचले नाही, किंवा सुचले आणि कमी प्रतिष्ठेचे वाटले.

वर्गाच्या बाईंनी त्या मुलीचा विषय काढला.

"तिला पुढं बसवा," अध्यक्ष म्हणाले.

"पुढंच बसते ती. आता फळ्याला नाक लावायला सांगू का?"

"बाई, तुमचं लय असतं. पाव्हण्यांचा फोटो दिसला पायजे. पोरीचं बघू नंतर."

डांबर चढले. फोटो स्वच्छ दिसला, टाळ्या पडल्या. 'शाळा झाली डिजिटल' ही बातमी मीच दिली. तीत डांबराचा उल्लेख नव्हता.

त्यानंतर वीज नाही म्हणून प्रोजेक्टर बंद आणि डांबर आहे म्हणून खोली अंधारी. मुलगी पुन्हा शेजारणीच्या वहीवर आली. दिसतच नाही तर शाळेत कशाला धाडायची, असे तिचे वडील म्हणू लागले. तेव्हा बाईंनी फळा उचलून बाहेर ओट्यावर नेला आणि वर्ग तिथेच भरवला. मुलगी येत राहिली.

तपासणीला आलेल्या साहेबांनी शेरा मारला: डिजिटल वर्ग वापरात नाही. बाईंकडे खुलासा मागितला. त्यांनी एकच ओळ लिहिली, वर्गात अंधार आहे. खुलासा असमाधानकारक ठरला. डांबर खरवडण्याची परवानगी मागितली, तर शासकीय मालमत्तेचे नुकसान होईल, असे लेखी उत्तर आले.

परवा त्या बाजूला गेलो होतो. ओट्यावर ऊन चढत होते. बाई फळा सावलीकडे सरकवत होत्या आणि ती मुलगी आपले बसकर ओढत फळ्याच्या मागोमाग जात होती.